केवलप्रयोगी

शिरोलीच्या फौंड्रीत माझा दर ठरला:
बोलण्याचा तासावर, लिहिण्याचा शब्दावर.
शिंत्रेसाहेब म्हणाले, "मुद्द्याचं तेवढं लिवा, मॅडम.
आय-उई लिहून पानं भरू नका."
मला सातवीचं व्याकरण आठवलं. केवलप्रयोगी अव्यय:
वाक्यात राहून वाक्याचं नसलेलं,
ज्याचा व्यय होत नाही,
म्हणून बिलातही धरत नाहीत.

एलाद्यो खिखोनहून आला, नवी मोल्डिंग लाइन बसवायला.
पहिला साचा उघडला तसा ओरडला, "आला!"
सात माणसं गेटकडं वळली.
"कोन आला?"
कुणी नाही, मी म्हटलं. हे त्यांचं अबब.
"मग अबब म्हनायचं की," बापूसो चौगुले म्हणाला,
आणि पुन्हा पान्याला लागला.

बेअरिंग चुकीचं निघालं की तो म्हणे, "बाया."
अर्थ शब्दशः घेतला तर: जावं.
कुणी जावं, कुठं, ते सांगत नाही.
बावड्याची आमची काकू दूध नासल्यावर
"आगं बया" म्हणून पातेल्याकडं बघत राहते,
तेवढंच, त्याच मापाचं.

ओम्ब्रे सोपं गेलं.
ओम्ब्रे म्हणजे मर्दा. एक मिलिमीटर इकडंतिकडं नाही.
मलाही म्हणायचा, अडलेल्या कन्व्हेयरलाही.
तिसऱ्या दिवशी बापूसो त्याला ओम्ब्रे म्हणाला,
तो बापूसोला "मरदा",
आणि दोघं जॅकखाली शिरले.
मी दहा मिनिटं नुसता चहा प्यायले. तासाच्या दरानं.

पहिल्या हीटला भट्टीवर दस्तगीर मुल्लाणी.
एलाद्यो पुटपुटला, "ओखाला."
दस्तगीर पुटपुटला, "इन्शाल्ला."
मग मी मधे पडले, नको तिथं पडते तशी:
त्याचा शब्दही अरबीतूनच गेलाय,
अल्ला आहे त्यात, झिजलेला.
"आन्दा!" एलाद्यो म्हणाला.
आन्दा म्हणजे चाल, म्हणजे चालायचं नाही,
म्हणजे काय सांगतेस.
दस्तगीर निळ्या काचेतून लोखंड बघत होता.
बऱ्याच वेळानं बोलला,
"घासून घासून एवढासाच उरला म्हना की.
चालतोय अजून."

गुरुवारी लॅडल हेलकावला.
एक थेंब, हरभऱ्याएवढा, एलाद्योच्या बुटात.
"आय!"

दस्तगीर कात्रीनं नाडी कापत होता,
बापूसो पाण्याची बादली घेऊन, घाबराघुबरा.
"आईला हाक मारली गड्यानं."
नाही, मी म्हटलं, त्यांच्यात आय म्हणजे आई नव्हे.
आवाज आहे नुसता.
आई त्यांची माद्रे मिया, ती नवल वाटल्यावर.
बापूसो बादली धरून थांबला.
"म्हंजे दुखल्यावर न्हाई, नवल वाटल्यावर आई?"
हो.
"आपलं उलटंच मग.
दुखलं की आपली आई काढतोय,
नवल वाटलं की दुसऱ्याची."

दस्तगीर हसला. एलाद्यो भाजल्या पायानं विचारत राहिला,
काय, काय म्हणाला तो?
मी सुरुवात केली, अडले, पुन्हा सुरुवात केली,
आणि माझ्याच तोंडून गेलं, "च्यायला."
त्यानं ते जिभेवर घोळवलं.
अर्थ विचारला नाही.

अहवालात मी लिहिलं:
किरकोळ भाजणे. प्रथमोपचार दिला. काम पुन्हा सुरू.
सात शब्द. सातांचे पैसे मिळाले.

उजळाईवाडीला त्याला सोडायला आम्ही तिघं गेलो,
शिंत्रेसाहेबांची गाडी, बापूसोचा इस्त्रीचा शर्ट.
दारात त्यानं हात हलवला, "बेंगा, मरदा."
बेंगा म्हणजे ये. ते निघताना म्हणतात.
सांगायला मी तोंड उघडलं,
तोवर बापूसो काचेपलीकडं ओरडत होता,
"या की मग! या!"